नऊ वर्षांच्या उंचीवरून

म्हात्रे बाईंकडून मला मिळालेले पहिले पत्र हे मुळात माझेच पत्र होते. मी ते त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले होते आणि तांबड्या शाईने तपासून बाईंनी ते मला घरी आणून दिले. माझ्या कुंपणाच्या भिंतीवरून हात घालून जास्वंदीची फुले तोडली जातात, सदर कृत्य अतिक्रमणाच्या व्याख्येत बसते आणि संबंधित इसमाचा बंदोबस्त न झाल्यास मला योग्य ती कायदेशीर पावले उचलावी लागतील, असा त्यातील मजकूर होता. ‘इसम’ या शब्दाखाली दोन तांबड्या रेघा होत्या आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते : ‘हा इसम दुसरीत आहे. पुढचे दोन दात पडलेले आहेत.’

बाई ठेंगण्या, रुंद हाडाच्या. पदर कमरेला खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. चपला त्यांनी माझ्या पायरीखाली काढल्या होत्या, त्याही रस्त्याकडे तोंडे करून.

“भिंतीवर काचा कोणी लावल्या?” त्यांनी विचारले.

“मी. कायद्याने मालकाला आपल्या मालमत्तेचे—”

“इकडं या जरा बाहेर.”

भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, भर रस्त्यात, त्या उकिडव्या बसल्या. “बसा.”

“माझे गुडघे दुखतात.”

“बरं, उभे राहा. मग मीच सांगते काय दिसतं ते. इथून तुमच्या काचा दिसत नाहीत, कर्णिक साहेब. लाल फुलं तेवढी दिसतात. काचा कळायच्या त्या हातालाच.”

आठवड्याच्या आत मी काचा काढून टाकल्या. मी त्यांना तसे कळवले नव्हते. पण त्यांनी ते पाहिले असावे. कारण एके दिवशी माझ्या पत्रपेटीत चित्रकलेच्या वहीचा एक कागद आला. त्यावर मेणखडूने काढलेले अवाढव्य लाल फूल होते आणि खाली वाकड्या अक्षरांत लिहिले होते : ‘आपला विश्वासू, इसम.’ माझ्या आयुष्यात माझ्या पत्राला वेळेवर आलेले असे उत्तर मी दुसरे पाहिलेले नाही.

मी वकील नाही. एका महामंडळाच्या विधी विभागातून निवृत्त झालो आणि नवीन पनवेलला येऊन स्थिरावलो. उघडी गटारे, पदपथावरचे विजेचे खुले डबे, झाकण नसलेले चेंबर यांविषयी मी पत्रे लिहीत असतो. प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवतो. बाई मला वकीलसाहेब म्हणत. मी वकील नाही असे सांगितले, तर म्हणत, “म्हणजे वकिलांचे आजार सगळे आणि फी तेवढी नाही.” स्वतः त्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या, मिठागरात राबलेल्या आगरी घरातल्या. वर्गात त्यांचे मराठी छापील पुस्तकासारखे असे. संतापल्या की मात्र गावाकडचे ‘नाय’ आणि ‘हाय’ बाहेर पडे. मुले त्यावरूनच हवामान ओळखत.

सुकापूरच्या अंगाला असलेल्या त्या लहानशा मराठी शाळेत त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी पहिली ते चौथीच्या मुलांत काढली. त्यांना खुर्चीवर बसलेले मी क्वचितच पाहिले. वर्गात त्यांचा एक पाट असे. मुलांना कुठे न्यायचे असले की त्या आदल्या दिवशी एकट्या जाऊन ती जागा बघून येत, आणि तीही उकिडव्या चालत. अशा एकदा बागेतल्या घसरगुंडीमागून बाहेर पडताना बघून रखवालदाराने त्यांना “ओ आजी, काय हरवलं?” असे विचारले होते. “माझी उंची हरवली,” बाई म्हणाल्या. “पोरांच्या कामात ती नाय चालत.”

“समजलं का?” हा प्रश्न त्या कधीही विचारत नसत. मी एकदा त्याचे कारण विचारले. म्हणाल्या, “मूल ‘हो’च म्हणतं. मुलाचं ‘हो’ म्हणजे ‘बाई, आता सोडा’. त्यात समजण्याचा काही संबंध नसतो.”

शाळेत सुरक्षेचा कसलासा सप्ताह होता तेव्हाची गोष्ट. मीही पाहुणा म्हणून गेलो होतो. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी मुलांना मोठ्याने विचारले, “आगीशी खेळायचं का?” साठ-सत्तर कंठांतून एकच “नाहीऽऽ” आले. साहेब प्रसन्न झाले. बाईंनी पिशवीतून एक काडेपेटी काढली, चौथीच्या टेबलावर ठेवली आणि “चला साहेब, चहा घेऊ” म्हणून आम्हाला व्हरांड्यात आणले. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्याआधी त्यांनी खिडकीकडे बोट केले. टेबलाभोवती पाच डोकी जमली होती. एक मुलगी काडेपेटी कानाशी धरून हलवत होती. पेटी अर्थातच रिकामी होती.

“हे तेच मघाचं ‘नाही’, साहेब,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी अहवालात काय लिहिले ते मला ठाऊक नाही. मी मात्र घरी येऊन कायद्याचे जुने पुस्तक उघडले. निष्काळजीपणाच्या दाव्यात लहान मुलाचा दोष कसा मोजावा, याचे तत्त्व त्यात आहे आणि ते मला नेहमीच सुंदर वाटत आले होते. मोठ्या माणसाकडून जेवढी सावधगिरी अपेक्षित, तेवढी मुलाकडून अपेक्षू नये. त्याच वयाच्या, तेवढीच समज आणि तेवढाच अनुभव असलेल्या सर्वसाधारण मुलाने जेवढी घेतली असती, तेवढीच अपेक्षावी. मी हे बाईंना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले.

“चांगलं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण हे सर्वसाधारण मूल त्यांना भेटतं कुठं?”

मी हसलो. आता ते हसणे आठवले की मला स्वतःची घृणा वाटते.

त्या शाळेच्या मागे मुलांनी राखलेली हिरवळीची एक पट्टी होती. चार पावले रुंद, दहा-बारा पावले लांब; पण बाईंना तिचा अभिमान मोठा. तिच्यावर चप्पल घालून जायचे नाही, हा त्यांचा कडक नियम. चपला कडेला काढायच्या, जोडीला जोडी लावून, तोंडे बाहेरच्या बाजूला. “परत येताना नुसता पाय घातला की झालं,” असे त्या सांगत. मुले घरीही तशाच काढत. आयांच्या तक्रारी येत की पोरगी पाहुण्यांच्या चपलासुद्धा फिरवून ठेवते.

ही तक्रार करणाऱ्यांत सुगंधा होती. तिची मुलगी मनाली चौथीत होती, नऊ वर्षांची. काडेपेटी कानाशी धरून हलवणारी मुलगी ती हीच.

शाळा आणि सुगंधाचे घर यांच्या मध्ये एका बांधकाम कंपनीने इमारतीच्या पायासाठी मोठा खड्डा खणला होता आणि काम अर्धवट टाकून ती निघून गेली होती. रस्त्याच्या बाजूचे पत्रे कधीच नाहीसे झाले होते. मी तीन पत्रे लिहिली होती. तिन्हींच्या पोचा माझ्याकडे आहेत. पावसाळाभर तिथे पाणी साचले, त्यावर हिरवा थर धरला, काठाने गवत माजले. पावसाळा संपता संपता एका दुपारी शाळा सुटल्यावर मनाली त्यात बुडाली. ती तिकडे का वळली, हे कोणालाही कळले नाही. सोबत कोणी नव्हते.

याहून अधिक त्या दिवसाविषयी मी लिहिणार नाही.

कुटुंबाने दावा लावला. वकील तरुण होता, भला होता आणि त्याच्याकडे कामे फार होती. म्हणून कागदपत्रांची जबाबदारी मी आपण होऊन घेतली. सुगंधा माझ्या ओसरीवर येऊन बसली तेव्हा तिने एकच मागणे मागितले.

“काका, भरपाई मिलो नायतर नको मिलो. येवढंच लिवून घ्या त्यांच्याकरून का माज्या पोरीची चूक नव्हती. गावात बोलतात, पोर वांड होती म्हनून गेली. कोर्टाच्या कागदावर आलं का त्यांची तोंडं बंद होतील.”

“येईल,” मी म्हणालो. मी तिला वचन दिले. ते सुंदर तत्त्व माझ्या पाठीशी होते ना!

कंपनीने आपल्या कैफियतीत म्हटले की, मुलीला धोक्याची जाणीव देण्यात पालक आणि शाळा यांनीच हयगय केली. मला संताप आला. आणि संताप आला की मी कागद शोधतो. मनालीच्या वहीत एक पान सापडले. त्याच सुरक्षा सप्ताहात बाईंनी फळ्यावर लिहून दिलेली वाक्ये तिने उतरवली होती. शाळेने हयगय केली नाही, याचा याहून बळकट पुरावा कोणता? मी ती वही दस्तऐवजांच्या यादीत घातली. न्यायालयात तिच्यावर निशाणी पडली, म्हणजे ती पुरावा म्हणून नोंदली गेली. मला विजयाचा भास झाला.

बाईंना साक्षीला बोलावले. मी त्यांना फक्त ती वही दाखवली. पंचनामा, छायाचित्रे, बाकीचे काहीही दाखवले नाही. साक्षीदाराने आपल्यापुरते पाहावे, इतर कागद पाहिले की साक्ष पढवल्यासारखी होते, हा माझा नोकरीभरचा दंडक.

“मला खड्डा बघायचाय आधी,” बाई म्हणाल्या होत्या. मनाली गेल्यापासून त्या त्या वाटेने गेल्याच नव्हत्या.

“साक्ष होईपर्यंत नको,” मी म्हणालो. “पाहणीला कोर्टाने माणूस नेमला आहे. तो छायाचित्रे काढील.”

त्याने काढली. काठावर ताठ उभे राहून काढलेली, अगदी स्वच्छ छायाचित्रे होती ती. सगळ्यांत हिरव्या थराच्या फटींतून पाणी दिसत होते.

उलटतपासणीच्या दिवशी बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. पिंजऱ्याचा कठडा त्यांच्या छातीपर्यंत येत होता. कंपनीचे वकील अत्यंत सौजन्याने बोलले.

“बाई, हे अक्षर मनालीचं?”

“हो.”

“जरा वाचता?”

बाईंनी वाचले, “पाणी भरलेल्या खड्ड्याजवळ जाऊ नये. बुडून मृत्यू येऊ शकतो.”

“खाली बरोबरची खूण आपली?”

“माझीच.”

“म्हणजे तिला हे समजलं होतं, म्हणून आपण खूण केलीत.”

“खूण अक्षराला आहे. अक्षर छान काढलं होतं तिनं. समजण्याचं म्हणाल तर चौथीचं मूल जेव्हा—”

“हो की नाही तेवढंच सांगा. आपण शिकवलं होतं?”

“शिकवलं होतं.”

“तिनं लिहून घेतलं होतं?”

“हो.”

“मनाली हुशार होती?”

मी मागच्या बाकावर होतो. माझ्या शेजारी सुगंधा. प्रश्न कुठे चालला आहे, हे मला दिसत होते आणि बाईंनाही दिसत असावे. त्यांनी एकदा सुगंधाकडे पाहिले. मेलेल्या मुलीच्या आईसमोर, ती मुलगी हुशार नव्हती, साधारण होती, असे त्या म्हणाल्या असत्या तर दावा वाचला असता.

“हो,” बाई म्हणाल्या. “फार हुशार होती.”

सुगंधाच्या चेहऱ्यावर, तिच्या लेकीच्या मृत्यूनंतर प्रथमच, क्षणभर समाधान उमटले. तेही मी पाहिले.

काडेपेटीची गोष्ट सांगायची बाईंना परवानगी मिळाली नाही. प्रश्नाशी तिचा संबंध नव्हता.

निकाल यायला वर्षे गेली. दरम्यान बाई निवृत्त झाल्या. निकालपत्राची प्रत घेऊन मी आधी सुगंधाकडे गेलो. कंपनीची हयगय न्यायालयाने मान्य केली होती. परंतु मयत मुलगी वयाच्या मानाने अधिक समज असलेली होती, हे वादीच्याच साक्षीदाराने कबूल केले. धोक्याची सूचना तिने स्वहस्ते लिहिलेली होती. सबब घटनेस तिचा स्वतःचा निष्काळजीपणाही अंशतः कारणीभूत आहे, असेही म्हटले होते.

“काय लिवलंय पोरीचं?” सुगंधाने विचारले.

“मुख्य दोष कंपनीचाच आहे.”

“पोरीचं काय लिवलंय, काका?”

“काही भाग... अंशतः...”

“चूक लिवली तिची.”

“काही भाग, सुगंधा.”

“कुटला भाग?” ती म्हणाली.

मी निकालपत्राची घडी घातली. वकिलाने अपिलाचा विषय काढला तेव्हा तिने हात जोडले. “आता नको. पुना तिला उभी नका करू तिथं.”

संध्याकाळी मी बाईंकडे गेलो. त्यांनी सवयीने तांबडे पेन हातात घेतले आणि निकालपत्र वाचायला बसल्या. पहिल्या दोन पानांवर त्यांनी एक-दोन ठिकाणी रेघा मारल्या. आपली साक्ष जिथे उद्धृत केली होती ते पान त्यांनी रेघ न मारता उलटले. मग एका परिच्छेदाशी त्यांचा हात थांबला आणि फार वेळ थांबून राहिला.

“हे काय आहे?” त्यांनी विचारले.

मी वाकून पाहिले. ‘पंचनाम्यानुसार मयताच्या चपला काठावर एकास एक लावून, तोंडे रस्त्याच्या दिशेस करून, व्यवस्थित काढून ठेवलेल्या मिळून आल्या. यावरून पुढे पाणी असल्याची तिला पूर्ण जाणीव होती, हे उघड होते.’

“ते पंचनाम्यात होते,” मी म्हणालो.

“पंचनामा तुमच्याकडं होता?”

“पहिल्यापासून.”

“मला का नाय दाखवलात?”

“साक्षीदाराला इतर कागद दाखवू नयेत, बाई. साक्ष पढवलेली वाटते.”

“वाटली नाय ना मग पढवलेली?” बाई म्हणाल्या. त्यांनी पेनला टोपण लावले. “चला.”

“कुठे?”

“खड्ड्यावर.”

रिक्षाने गेलो. उजेड अजून चांगला होता. पावसाळा नुकताच सरला होता. खड्डा तसाच होता. त्या दुपारी जसा असेल अगदी तसा. तोवर माझी आणखी अकरा पत्रे गेली होती आणि अकरा पोचा आल्या होत्या. काठाला गुडघाभर गवत, आणि पुढे हिरवा थर.

बाई काठापासून चार हातांवर थांबल्या आणि हळूहळू, माझ्या हाताचा आधार न घेता, उकिडव्या बसल्या. मान किंचित पुढे काढून गवताकडे पाहत राहिल्या.

“बसा,” त्या शेवटी म्हणाल्या.

“बाई, माझे गुडघे...”

“असू दे. मग सांगते.” त्यांचा आवाज वर्गातला नव्हता आणि संतापाचाही नव्हता. “इथून पाणी दिसत नाही. गवत सुरू होतं आणि तेच पुढं जात राहतं. नुसती हिरवळ आहे, वकीलसाहेब. आमच्या शाळेच्या पट्टीपेक्षा कितीतरी मोठी. एवढी मोठी हिरवळ तिनं पाहिली नसेल कधी. पाण्यात जाणारं पोर चपला भिरकावतं. तिनं जोडीला जोडी लावली, तोंडं बाहेर केली. ती पाण्यात गेलीच नाय. ती माझ्या नियमानं हिरवळीवर गेली.”

मी उभ्यानेच पुढे पाहिले.

“आणि परत यायची होती,” बाई म्हणाल्या.

पुढच्या दिवसांत मी वकिलाला गाठून हे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. जो पुरावा पहिल्यापासून हाताशी होता तो अपिलात नव्याने मांडायला सहसा मिळत नाही, असे त्याने मला समजावले, जणू ते मला ठाऊक नव्हते. आणि मुळात अपील करणारे कोणी उरलेच नव्हते. सुगंधाला हे सांगावे की नाही, याचा निर्णय मी बाईंवर सोडला. त्या एकट्या जाऊन आल्या. तिथे काय बोलणे झाले, ते त्यांनी मला सांगितले नाही. त्यानंतर त्या कोणाकडे फारशा गेल्या नाहीत. मी गेलो तर दार उघडत, चहा करत. माझ्या पत्रांचे मसुदे मी त्यांच्यापुढे ठेवी. त्या ते वाचत आणि तांबडी रेघ न मारता परत देत. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

त्यांची म्हणून मला जी शेवटची आठवण येते, ती त्या चहाच्या कपांची नाही. त्या संध्याकाळी त्या उठेनात, म्हणून मी रिक्षावाल्याला थांबवून ठेवायला रस्त्यापर्यंत गेलो आणि वळून पाहिले. बाई गवतात तशाच बसल्या होत्या. मागून पाहता नऊ वर्षांच्या मुलीएवढ्याच दिसत होत्या. अनवाणी होत्या. शेजारी त्यांच्या चपला होत्या, जोडीला जोडी, तोंडे माझ्या दिशेने.

मी रस्त्यावर उभा होतो. तिथून पाणी अगदी स्पष्ट दिसत होते.